लेकरू डावखुरं आहे का, हे नक्की ठरवायचं कसं?

खडूफळा
पहिलीच्या वर्गात प्रत्येक लेकराच्या नोंदीत ‘कोणता हात’ हा रकाना भरायचा आहे. पेन्सिल कोणत्या हातात धरलीय एवढंच बघितलं तर जवळजवळ सगळा वर्ग उजवा निघतो, आणि ते खरं वाटत नाही. नेटवर दहा कामांचा एक इंग्रजी फॉर्म सापडतो. त्यात सुरी, चमचा, आगकाडी, झाडू धरताना वरचा हात, असं विचारलंय. आपल्याकडच्या घरांत तो जसाच्या तसा चालेल का? पालकांना विचारावं की लेकराला बघावं? शाळा जिल्हा परिषदेची आहे, साहित्य खडू, पाटी, चेंडू एवढंच. जाणकारांनी नीट, कामाचं सांगावं.

गोदातीर
ताई, तो फॉर्म म्हणजे एडिनबरा हँडेडनेस इन्व्हेंटरी. ओल्डफील्ड यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला. कामं दहा: लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, टूथब्रश, सुरी (काट्याशिवाय), चमचा, लांब दांड्याच्या झाडूवर वर असलेला हात, काडी ओढणं आणि डब्याचं झाकण उघडणं. प्रत्येक कामापुढे उजवा आणि डावा असे दोन रकाने. जो हात वापरता त्यात एक अधिकचं चिन्ह (+). जबरदस्ती केल्याशिवाय दुसरा हात वापरणारच नाही असं असेल तर दोन अधिक. दोन्ही सारखेच चालत असतील तर दोन्हीकडे एकेक.

मग उजव्याची बेरीज वजा डाव्याची बेरीज, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००. उजवीकडे १४ आणि डावीकडे ४ असतील तर १० भागिले १८, म्हणजे साधारण ५६. पूर्ण उजवा +१००, पूर्ण डावा −१००.

यात एक भोक आहे ते लक्षात ठेवा. दहाही कामांत उजवीकडे एकेकच अधिक टाकला तरी उत्तर १०० येतं आणि दोन-दोन टाकले तरी १००च येतं. म्हणजे दोन अधिकांची एवढी खटपट ज्या कट्टर उजव्यासाठी केली, तोच साध्या उजव्यापासून वेगळा दिसत नाही. शिवाय ‘दोन अधिक कधी टाकायचे’ ही सूचना मोठ्या माणसांनाही धड कळत नाही. त्यापेक्षा ‘नेहमी उजवा, बहुतेक उजवा, दोन्ही, बहुतेक डावा, नेहमी डावा’ अशी पाच घरं द्यावीत. १००, ५०, ०, −५०, −१०० असे गुण द्यायचे आणि सरासरी काढायची.

२०१४ साली वील यांनी याच फॉर्मची चार कामांची आवृत्ती काढली: लिहिणं, फेकणं, टूथब्रश, चमचा. पाच घरंच. सरासरी ६०च्या वर तर उजवा, −६०च्या खाली तर डावा, मधला सगळा मिश्र. झाडू आणि झाकण ही कामं बाकीच्यांशी जुळत नाहीत असं आकड्यांच्या तपासण्यांत वारंवार दिसलं म्हणून ती गळाली. चित्र काढणं म्हणजे लिहिण्याचीच दुसरी प्रत, म्हणून तेही गेलं.

मांजराकाठ
चार कामांची आवृत्ती आपल्याकडे वापराल तर तोंडावर पडाल. चारातली दोन कामं आपल्या घरात नियमानं बांधलेली आहेत. जेवण उजव्या हातानं, लेखन उजव्या हातानं, प्रसाद घेणं, पैसे देणं, पाया पडून अंगारा लावणं सगळं उजव्या हातानं. डावा हात शौचाचा, म्हणून ताटात नको. अंगणवाडीत जायच्या आधीच लेकराचा हात आजीनं बदललेला असतो.

आता गणित करून बघा. लिहिणं नेहमी उजवा, १००. चमचा नेहमी उजवा, १००. फेकणं नेहमी डावा, −१००. ब्रश नेहमी डावा, −१००. सरासरी शून्य, शेरा ‘मिश्र’. खरं तर ते लेकरू पक्कं डावखुरं आहे, दोन कामं तेवढी शिकवलेली आहेत. फॉर्मनं हाताचा कल मोजला नाही, घरची शिस्त मोजली.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्या कामावर कुणाची नजर असते आणि कुणी रागावतं, ते काम पुराव्यात धरायचं नाही. ज्या कामाकडे कुणाचं लक्ष नसतं तिथं हात खरं बोलतो. गोफण कुठल्या हातानं फिरवतोस यावरून कुणी लेकराला रट्टा दिलेला नाही.

काठवट
मांजराकाठ यांच्या मुद्द्याला धरून घरातल्या आणि शेतातल्या कामांची छाननी. मोठ्या माणसांना विचारताना याचा उपयोग होईल.

धरावीत अशी: गोफण फिरवणारा हात. चिंचा पाडायला दगड मारणारा हात. हातोडी. काडी ओढणारा हात (पेटी धरणारा नव्हे, लोक इथंच गोंधळतात). गोधडीला टाका घालताना सुईचा हात. अडकित्त्याच्या मुठी दाबणारा हात. विंचरताना कंगव्याचा हात. खुरपं.

सुईबद्दल एक खुलासा. ‘सुईत दोरा ओवताना कोणता हात’ असं विचारू नका. काही जण सुई स्थिर धरून दोरा पुढे नेतात, काही दोरा धरून सुई त्यावर आणतात. विचारायचंच असेल तर हलणारा हात कोणता ते विचारा. नाही तर सरळ टाका घालण्याचं विचारा.

सोडावीत अशी: विळीवर भाजी चिरणं, कारण पातं पायाखाली स्थिर असतं आणि भाजी दोन्ही हातांत. कापूस वेचणं, कारण सराईत बाई दोन्ही हातांनी वेचते. केरसुणी एका हाताची असते म्हणून ‘वरचा हात कोणता’ हा प्रश्नच तिथं लागू नाही. खालचा-वरचा हात हवा असेल तर फावडं विचारा, पण तेही कच्चं. शिवणयंत्राचं चाक उजवीकडेच असतं, त्यातून काही कळत नाही.

भाकरीचं जरा अवघड आहे. काठवटीत थापताना एक हात थापतो आणि दुसरा कडेला लागून भाकरी फिरवत राहतो. थापणारा हात तेवढा लिहायचा. पण दोन्ही हातांवर घेऊन करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारून उपयोग नाही, ती हसेल.

आणि तिसरा गट अवजारामुळे फसणाऱ्या कामांचा. कात्री उजव्या हातासाठी बनलेली असते. उजव्या हाताच्या अंगठ्याचा आणि बोटांचा नैसर्गिक दाब दोन्ही पाती एकमेकींवर घट्ट बसवतो. तीच कात्री डाव्या हातात घेतली की दाब उलटा पडतो, पाती फाकतात, कापड कापायच्या ऐवजी पात्यांमध्ये दुमडतं. वर खडूची खूण पात्यामागे लपते. दातेरी विळ्याचंही तसंच, दात एकाच अंगानं घासलेले असतात आणि डाव्या हातात ते अंग उलटं होतं. त्यामुळे कित्येक डावखुरी माणसं कात्री आणि विळा उजव्यानं चालवतात. कात्रीच्या उत्तराला अर्धं वजन द्या, किंवा देऊच नका.

कडबा
लई उपयोगी माहिती चालू हाय. मला एक सांगा, लेकराचा हात कळायला वय किती पायजे? लोक तर वर्षाच्या लेकराला बगूनच म्हणायलेत की डावखुरं निघालं म्हणून.

गोदातीर
@कडबा, कल दिसायला लागतो साधारण दोन ते चार वर्षांत, बसतो चार ते सहामध्ये. त्याआधी हात आलटूनपालटून वापरणं साहजिक.

उलट एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. वर्ष-दीड वर्षाच्या आतलं लेकरू ठामपणे एकच हात वापरत असेल, दुसऱ्या बाजूला ठेवलेलं खेळणंही अंग वळवून त्याच हातानं घेत असेल, दुसऱ्या हाताची मूठ कायम मिटलेली असेल, तर तो कल नसून दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते. ‘डावखुरं होणार’ म्हणून कौतुक करत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तपासणी लवकर झाली तर व्यायाम लवकर सुरू होतात.

साडेतीन_यष्ट्या
खेळाच्या बाजूनं एक दुरुस्ती. ‘फलंदाजी कोणत्या हातानं’ हा प्रश्न यादीत अजिबात टाकू नका. बॅट दोन हातांनी धरतात. डावखुऱ्या फलंदाजाचा वरचा हात उजवा असतो. सौरव गांगुली डावखुरा फलंदाज, गोलंदाजी उजव्या हातानं. सचिन तेंडुलकर फलंदाजी-गोलंदाजी दोन्ही उजव्यानं करायचा, सही डाव्या हातानं. बॅटवरून हात ओळखायला गेलात तर दोघंही चुकीच्या रकान्यात जातील.

फेकणं मात्र उत्तम पुरावा. तेही पंधरा-वीस पावलांवरून नेम धरून, खांद्याच्या वरून फेकायला लावायचं. हात खाली ठेवून चेंडू नुसता घरंगळत सोडला तर लेकरं कोणताही हात वापरतात. लगोरीच्या सात ठिकऱ्या रचा, काम झालं.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. मग लेकरांना प्रत्यक्ष बघायचं तर बैठक कशी लावू? आणि पालकांना नेमकं काय विचारू?

गोदातीर
पालकांना ‘तुमचं लेकरू डावखुरं आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’. दोनच प्रश्न विचारा. ‘पहिल्यांदा खडू किंवा चमचा स्वतःहून कोणत्या हातात धरला होता?’ आणि ‘कुणी हात बदलायला सांगितलं होतं का?’ दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर त्या लेकराचं लिहिणं-जेवणं हिशेबातून काढा.

आता बैठक. एका वेळी एकच लेकरू, बाकीची नजरेआड. शेजारच्याचं बघून हात बदलतो. लेकरू सतरंजीवर मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर. वस्तू त्याच्या बेंबीसमोर, बरोबर मध्ये ठेवायची. हातात द्यायची नाही. तुम्ही उजव्या हातानं दिली की वस्तू त्याच्या डाव्या बाजूला येते आणि जवळचा हात पुढे होतो. सगळ्यात जास्त नोंदी इथंच बिघडतात.

करून दाखवायचं नाही, तोंडी सांगायचं. समोर बसून दाखवलंत तर लेकरू आरशासारखी नक्कल करतं, तुमच्या उजव्याला त्याचा डावा.

पहिलीसाठी आठ कामं:
१. चेंडू नेम धरून फेकणं
२. छोट्या लाकडी हातोडीनं खुंटी ठोकणं
३. ओल्या फडक्यानं पाटी पुसणं
४. मणी ओवणं (हलणारा हात)
५. कंगव्यानं बाहुलीचे केस विंचरणं
६. शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवणं (हलणारा हात)
७. चिमट्यानं तुरीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणं
८. ब्रश दात घासल्यासारखा धरून दाखवणं

प्रत्येक काम तीनदा, पण लागोपाठ नाही. आठही कामांची एक फेरी संपवायची, मग दुसरी. लागोपाठ केलं तर दुसऱ्या वेळचा हात पहिल्याचीच ओढ घेतो. एकूण २४ नोंदी. समजा उजवा ९ वेळा, डावा १५ वेळा: ९ वजा १५, भागिले २४, गुणिले १००, म्हणजे −२५. एका लेकराला दहा-बारा मिनिटं लागतात, त्यामुळे सगळा वर्ग एका तासिकेत बसवायचा हट्ट सोडा.

आकड्यापेक्षा नमुना बघा. हातोडी तिन्ही वेळा डाव्यानं आणि कंगवा तिन्ही वेळा उजव्यानं, असं कामागणिक ठरलेलं असेल तर ते लेकरू मिश्र कलाचं. तीच हातोडी एकदा डाव्यानं, एकदा उजव्यानं, परत डाव्यानं, असं असेल तर कल अजून बसलेला नाही. आकडा दोघांचा सारखा येऊ शकतो. पहिल्याला आहे तसं राहू द्यायचं, दुसऱ्याला काही महिन्यांनी परत बघायचं.

मांजराकाठ
खोडरबर यादीत घातलं नाही हे बरं केलं. उजव्या हातात पेन्सिल तशीच धरून मोकळ्या डाव्यानं खोडणारी उजवी लेकरं भरपूर असतात. ती उगीच डावी मोजली जातात.

एक भर घालतो. हाताचा कल किती पक्का आहे हे बघायला डोरोथी बिशप यांची पत्त्यांची रीत सोपी आहे. लेकरापुढे अर्धवर्तुळात सात जागा, एकेक जागा ३० अंशांच्या अंतरानं, प्रत्येक जागी तीन चित्रपत्ते, एकूण २१. ‘आंबा दे’ म्हटलं की तो पत्ता उचलून मधल्या डब्यात टाकायचा. मागण्याचा क्रम गिचमीड हवा. उजवीकडचे पत्ते उजव्यानं कुणीही घेईल. बघायचं ते हे, की अगदी डाव्या टोकाचा पत्ता घ्यायला उजवा हात अंगापुढून आडवा जातो का, की तिथं डावा पुढे होतो. पत्ते हात सहज पोचेल एवढ्याच अंतरावर ठेवा. ताणून घ्यावं लागलं तर लेकरू अंग वळवतं आणि सगळंच फिसकटतं.

रेघोटी
इथं कल आणि कौशल्य एकच धरलं जातंय असं वाटलं. हात ‘आवडीचा’ असणं वेगळं, ‘तरबेज’ असणं वेगळं. तरबेजपणा घड्याळ लावून मोजतात. मॅरियन ॲनेट यांच्या खुंट्यांच्या पाटीत भोकांच्या दोन ओळी वीतभर अंतरावर असतात, दहा खुंट्या एका ओळीतून दुसरीत हलवायच्या, सेकंद मोजायचे, दोन्ही हातांनी आलटूनपालटून. गावातला सुतार अशी पाटी सहज करून देतो. भोक खुंटीपेक्षा किंचित सैल हवं, घट्ट झालं तर हाताचा वेग न मोजता जोर मोजला जातो.

कागदावर करायचं तर छोट्या वर्तुळांच्या ओळी, प्रत्येक वर्तुळात एक ठिपका, २० सेकंदांत किती होतात. क्रम: आवडीचा हात, दुसरा, दुसरा, आवडीचा. असा क्रम घेतल्यानं सरावाचा आणि थकव्याचा फायदा कुठल्याच हाताला मिळत नाही. मात्र ही ठिपक्यांची रीत लेखणीची सवय असलेल्या हाताला झुकतं माप देते. हात बदललेल्या लेकराला ती लावू नका, खुंट्याच घ्या.

पंजाची ताकद मोजून हात ठरवू नये. उजव्या हाताच्या माणसात उजवा पंजा साधारण दहा टक्के जोरकस असतो, डावखुऱ्यांत दोन्ही जवळपास सारखे भरतात.

बाभूळबन
नांदेड, परभणी, संभाजीनगरकडच्या उर्दू शाळांमधल्यांसाठी टीप. आडवी रेघ कुठून कुठं ओढतो यावरून हात ओळखायची एक युक्ती सांगितली जाते: उजवा माणूस डावीकडून उजवीकडे, डावखुरा उलटी. देवनागरी शिकणाऱ्या लेकरांत ती थोडीफार लागू पडते. हात बदललेलं लेकरू शब्द उजव्यानं लिहून शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर संशयाला जागा आहे. पण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तिथं रेघेची दिशा लिपीनं ठरते. त्या शाळेत ही युक्ती वापरलीत तर उजवी लेकरंही डावखुरी ठरतील.

कडबा
डावखुरं निघालं तर त्याचा मेंदू उलटा असतो म्हणत्यात, ते खरं का?

रेघोटी
नाही. भाषेचं केंद्र उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के माणसांत मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतं. डावखुऱ्यांतही साधारण ७० टक्क्यांत ते डावीकडेच असतं, उरलेल्यांत उजवीकडे किंवा दोन्हीकडे. हातावरून भाषेची बाजू गृहीत धरता येत नाही, म्हणूनच अपस्माराच्या (फिट्सच्या) शस्त्रक्रियेआधी ती वेगळी तपासतात. पूर्वी १९४९ सालची वाडा यांची चाचणी होती (मेंदूचा एक अर्धा औषधानं थोडा वेळ गुंगवून भाषा तपासायची), आता बरंचसं काम फंक्शनल एमआरआयवर, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या स्कॅनवर भागतं. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात विचारतानाही ‘झटका येण्याआधी कोणता’ असंच विचारावं, आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही.

खडूफळा
समजलं. मग आता असं ठरवते: आठ कामं, तीन फेऱ्या, पालकांना दोन प्रश्न. आकडा शून्याच्या वर गेला तर ‘उ’, खाली गेला तर ‘डा’. बरोबर ना? आणि तीसच्या वर्गात किती डावखुरी निघायला हवीत?

गोदातीर
शून्यावर रेघ मारू नका ताई. +१० आणि −१० या दोन लेकरांत फरक जवळजवळ नाही, तरी ती वेगळ्या रकान्यांत जातील. मधला पट्टा ‘मिश्र’ ठेवा.

किती निघतील हे रेघ कुठं मारता यावर आहे. २०२० साली जगभरच्या वीस लाखांहून जास्त माणसांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, त्यात डावखुरे १०.६ टक्के आले. कसोटी कडक लावली तर ९.३, सैल लावली तर १८.१. म्हणजे तीसच्या वर्गात तीनेक. वर्ग लहान आहे, एखाद्या वर्षी एक किंवा पाचही असतील. पण वर्षामागून वर्ष प्रत्येक वर्गात शून्य येत असेल तर लेकरांऐवजी नोंदीची रीत तपासा.

रकान्यात नुसतं अक्षर नको. ‘डावा, −७५, लिहिणं उजव्यानं (घरी बदललेलं)’ असं लिहा, पुढच्या वर्गाच्या बाईंना त्यातच सगळं कळेल. डावं लेकरू बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याच्या उजव्या कोपराला धडकत नाही. वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तिरकी, पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरायला लावा. नाही तर मनगट हुकासारखं वळवून वरून लिहायची सवय लागते आणि शाई पुसत जाते. ज्याचं लिहिणं उजव्यानं बसलंय आणि नीट चाललंय, त्याचा हात आता परत डावा करायला जाऊ नका.

साडेतीन_यष्ट्या
आणि चेंडू रबरी घ्या, टेनिसचा. पहिलीच्या लेकराच्या मुठीत लेदरचा मावत नाही, मग ते दोन्ही हातांनी फेकतं आणि तुमची पहिलीच नोंद वाया जाते.